अडचणीचा लिलाव

वऱ्हाडातला शेतकरी फोनवर ‘बोंडअळीवर उपाय’ असे शोधतो, तेव्हा तो आपली निकड उघड करीत असतो. जाहिरातदाराला नेमकी तीच हवी असते. गूगलने २००० साली शोधशब्दांवर जाहिराती विकण्यास आरंभ केला. २००२ पासून बोट टेकविण्यागणिक बोली लागू लागली. उपाय जाणू इच्छिणारा कोण आणि औषध विकत घेणारा कोण, हे ओळखण्यातच या धंद्याचे कसब आहे.

अमरावतीच्या बाजार समितीत मालाचा लिलाव निदान उघड्यावर होतो. हा लिलाव मात्र अडचणीचा, आणि अदृश्य. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला लोकांच्या पैशातून सिद्ध होतो. तो बोलीखाली दबता कामा नये. सल्ला व जाहिरात यांतील भेद गावोगाव समजावणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे.