रांगोळीचा डोंगर

परवा सौ.चे रांगोळीचे डबे न विचारता उचलले. ती हा ब्लॉग वाचत नाही, म्हणून इथे कबूल करतो. मुंबईच्या नातेवाईकांनी कृपया फोनवर बोलू नये.

नातवाच्या रिकाम्या फिशटँकमध्ये कोरडी वाळू आणि रंगीत रांगोळी यांचे आलटून पालटून थर दिले आणि एका बाजूने लाकडी फळी हळूहळू आत ढकलली. आधी काही घडेना. मग फळीपुढे उंचवटा आला. काचेतून पाहिलं तर थर तिरके तुटून एकावर एक चढलेले! आणखी ढकललं तर त्याच्यापुढे दुसरी भेग. ती कुठे पडावी हे मी ठरवलं नव्हतं.

अक्कल अर्थातच माझी नाही. स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉलनी समुद्रकाठच्या कड्यात दुमडलेले थर पाहिले. घरी टेबलावर कापडं पसरली, वजनासाठी वर चक्क बिजागरीतून निघालेलं दार ठेवलं आणि दोन्ही टोकांना फळ्या लावून हातोड्याने ठोकल्या. १८१५ साली हे छापून आलं. गोधडी सरकवल्यासारखंच की!

पण वाळूच का? हबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये हे नीट मांडलं. डोंगर लहान केला, तर त्याचा दगडही तितकाच दुबळा करावा लागतो. खरा दगड पेटीत ढिम्म हलणार नाही. कोरडी वाळू मात्र बेताची दुबळी असते. तिचा एक सेंटिमीटर म्हणजे कवचाचा साधारण एक किलोमीटर. मकरानच्या किनाऱ्याशी अरबी समुद्राचा तळ खाली सरकतो आणि त्यावरचा गाळ असाच खरवडून, तुटून, एकावर एक चढत जातो. १९४५ च्या नोव्हेंबरात तिथे भूकंप झाला तेव्हा लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

आता मुद्द्याचं. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. 'दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले आणि हिमालय झाला', एवढं मुलांकडून पाठ करून घेतलं. एकदा एका मुलाने विचारलं, "गुरुजी, दगड वाकेल कसा? तो तर फुटतो." मी म्हणालो, "परीक्षेला येत नाही, बस खाली." वास्तविक त्याचं निम्मं बरोबर होतं. वरचा थंड दगड फुटून सरकतो, खोलवरचा तापलेला हळूहळू वाहतो. प्रयोगशाळेत त्यासाठी वाळूखाली सिलिकोनचा चिकट थर देतात.

हल्ली अ‍ॅनिमेशन दाखवतात. छान असतं, पण त्यातला डोंगर दर वेळी सांगितल्या जागीच उगवतो. माझ्या मते प्रत्येक शाळेत एक काचेची पेटी हवी.

पेटीही फसवते म्हणा. १९८२ मध्ये ताप्पोनिए आणि पेल्त्झर यांनी भारत म्हणून एक कडक ठोकळा प्लॅस्टिसिनच्या आशियात घुसवला. आशियाचे तुकडे पूर्वेकडे सरकले आणि नकाशावरच्या मोठ्या प्रस्तरभंगांशी ते जुळलेही. पण पूर्वेची बाजू त्यांनी मोकळी सोडली होती, म्हणून वाद झाले. हाही वाद वर्गात व्हायला काय हरकत आहे? मुलं विचारतील, "गुरुजी, ही बाजू बंद केली तर?" करून बघायची.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. भेटला तर पेटी तयार आहे. वाळू चाळून ठेवली, रांगोळी मात्र सगळी एकाच रंगाची झाली आहे आणि दिवाळी जवळ येतेय.