भेगेला लेप लावण्यापूर्वी

म्हातारीला पोटात बसवून रानातून सुखरूप नेणारा भोपळा मराठी घरांतील मुलांना गोष्टीत भेटतो. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील विंडसर गावी तो प्रत्यक्षात पाहावयास मिळाला. तेथे १९९९ साली पोखरलेल्या अजस्र भोपळ्यांत बसून पाण्यावर वल्हवण्याची शर्यत सुरू झाली. याच गावचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी अनेक वर्षांच्या निवडीतून ‘अटलांटिक जायंट’ हा वाण घडविला. आज जगभरातील स्पर्धांत उतरणारे बहुतेक महाकाय भोपळे त्याच वंशाचे आहेत. २०२३ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ट्रॅव्हिस गिंजर यांनी कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे तोललेला भोपळा २७४९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२४७ किलोंचा होता.

अशा फळाची वाढ ऐन भरात असताना दिवसाला वीस किलोंच्या घरात जाते. त्या वेगाला वेल, देठ आणि साल नेहमीच पुरे पडत नाहीत. मग देठावर किंवा फळाजवळच्या खोडावर उभी भेग पडते, तीत पाणी साचते, कूज शिरते आणि चार महिन्यांची मेहनत आठवड्यात नासते. स्पर्धेच्या नियमांनुसार कुजलेले किंवा पोकळीपर्यंत चिरलेले फळ बाद ठरते. म्हणूनच तेथील उत्पादक भेगेकडे फार बारकाईने पाहतात, आणि त्यांचे उपायही दूरवर पसरतात. महाकाय भोपळ्याचे बियाणे आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळू लागले आहे. बियाण्यामागोमाग गंधकाची भुकटी, बुरशीनाशकाचा लेप असे सल्लेही येतात आणि ते साध्या लाल भोपळ्याला, कोहळ्याला, दुधीला सरसकट लावले जातात. हे चुकीचे आहे.

पहिला फरक देठाचाच आहे. महाकाय भोपळा कुकुर्बिटा मॅक्झिमा या जातीचा. त्याचा देठ जाड, गोल आणि बुचासारखा मऊ असतो; तो फुगतो, भेगाळतो आणि ओलावा धरून ठेवतो. आपल्याकडे सर्वाधिक पिकणारा लाल भोपळा कुकुर्बिटा मोशाटा जातीचा. त्याचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाशी पसरट होणारा असतो. त्यावर वाढीच्या भेगा तुलनेने कमी पडतात, त्यामुळे तेथे भेग दिसली तर कारण दुसरेच असण्याची शंका आधी घ्यावयास हवी. ‘अर्का सूर्यमुखी’सारखा मॅक्झिमा जातीचा वाण लावणाऱ्यांनी मात्र हा फरक उलट बाजूने लक्षात ठेवावा.

दुसरा फरक हवेचा आहे. थंड प्रदेशातील उत्पादक भेग कोरडी ठेवण्यासाठी गंधक चोळतात आणि त्यांना त्याचा उपयोगही होतो. काकडीवर्गीय वेली मात्र गंधकाला संवेदनशील आहेत. पारा ३२ अंशांच्या वर गेला की कोवळे भाग भाजतात. आपल्या उन्हाळी भोपळ्याचे अर्धे आयुष्य त्याहून अधिक तापमानात जाते. म्हणजे जो उपाय तेथे जखम सुकवितो, तो येथे जखमेभोवतीची निरोगी पेशीही जाळू शकतो.

बोर्डो मलमाची गोष्ट याहून जवळची आहे, कारण तो सल्ला परदेशातून आलेला नाही. आपल्याच फळबागांतून आलेला आहे. संत्रा-मोसंबीच्या लाकडी बुंध्यावर मलम लावणे शहाणपणाचे असते. तेथे जाड साल असते आणि झाड वर्षानुवर्षे उभे राहावयाचे असते. भोपळ्याचे खोड रसाळ, आतून पोकळ आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाण्याचे. त्यावर मलमाचा थर दिला की तांब्याने कोवळी ऊती करपण्याचा धोका असतोच, शिवाय भेगेतील ओल आत कोंडली जाते. वरून निळसर-पांढरे, नीटनेटके दिसते आणि आत खोड सडत राहते. शेतकऱ्याला आपण काही केले याचे समाधान मिळते, एवढाच काय तो लाभ. शेण किंवा माती लिंपण्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

मग करावयाचे काय? आधी भेगेत पाहावयाचे. ही साधी गोष्ट आहे, पण मोबाइलवर आलेल्या एका छायाचित्रावरून औषध सुचविण्याची जी रीत विस्तारकार्यात रुजली आहे, तिच्यात नेमकी हीच पायरी गळते. भेग उभी, कोरडी, कडा तपकिरी आणि बुचासारख्या झालेल्या असतील तर ती वाढीची भेग आहे. वेलीने ती स्वतःच बुजविण्यास सुरुवात केलेली असते; तिला हात लावू नये. कडांवर तांबूस डिंकाचे थेंब आणि जवळच्या वाळक्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील तर डिंक्या, म्हणजे गमी स्टेम ब्लाइट, या बुरशीचा संशय घ्यावा. दुर्गंधी आणि बुळबुळीतपणा असेल तर जिवाणूजन्य मऊ कूज. आणि ओल्या भुशासारखी विष्ठा, भोक किंवा फुगवटा दिसला तर दोष किडीचा.

महाकाय भोपळ्याच्या अमेरिकी साहित्यात स्क्वॉश व्हाइन बोरर या खोडकिडीचा धाक मोठा असतो. ती अमेरिका खंडातील कीड आहे; तिच्या नावाने येथे फवारणी करण्याचे कारण नाही. आपल्याकडे खोडात अपोमेसायना नावाच्या लहान लांबशिंगी भुंगेऱ्याची अळी आढळते, तर फळमाशी फळांबरोबरच फुले आणि कोवळ्या शेंड्यांतही अंडी घालते. लाल भुंगेऱ्याचे प्रौढ पाने खातात हे सर्वांस ठाऊक असते, पण त्याच्या अळ्या जमिनीत राहून मुळे, खोडाचा मातीतील भाग आणि मातीला टेकलेले फळ पोखरतात, याकडे दुर्लक्ष होते. फळ खालून का कुजले याचे उत्तर अनेकदा तेथे असते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. भेगेत अळ्या दिसल्या म्हणजे त्यांनीच भेग पाडली असे नव्हे. आंबलेल्या रसावर चिलटे येतात, सडका भाग खाणारे लहान भुंगे येतात. ते नंतरचे पाहुणे. त्यांच्यावर कीटकनाशक फवारले तर कूज थांबत नाही, उलट सकाळी फुलांवर येणाऱ्या मधमाश्या मात्र मरतात. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते. तेवढ्या काही तासांत परागीभवन झाले नाही तर फळच धरत नाही. फवारणी खरोखर लागलीच तर ती सायंकाळीच, आणि लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेल्या औषधाचीच करावी.

कूज खरोखर शिरली असेल तर कोरडा दिवस पाहून, स्पिरिटने पुसलेल्या धारदार चाकूने मऊ भाग घट्ट, निरोगी ऊती लागेपर्यंत हलकेच खरवडावा. दुसऱ्या वेलीकडे जाण्यापूर्वी चाकू पुन्हा पुसावा. जखम उघडी आणि सावलीत ठेवावी, वारा लागू द्यावा. परदेशी उत्पादक देठाजवळ छोटा पंखा लावतात. ते ऐकून हसू येते, पण त्यामागचे तत्त्व मलमापेक्षा खरे आहे. बुरशीचे निदान पक्के असेल तरच शिफारशीतील बुरशीनाशक वापरावे, आणि तेही पातळ. जाड थर देऊ नये.

प्रतिबंधाचा मोठा भाग पाण्यात आहे. ताण देऊन मग भरपूर पाणी सोडले की आतील पेशी एकदम फुगतात, बाहेरची वयस्क साल ताणत नाही, आणि ती फाटते. नत्राचा उशिरा दिलेला हप्ता यात भर घालतो. थोडे, वारंवार, सकाळी आणि बुंध्यापासून अंतर राखून पाणी दिले तर बहुतांश भेगा टळतात. ठिबकच्या तोट्या फळाखाली किंवा देठाजवळ येऊ देऊ नयेत.

महाकाय भोपळ्याच्या उत्पादकांकडून खरोखर उचलण्याजोगे दोन धडे आहेत. ते फळ लहान असतानाच हळूहळू वळवून देठ वेलीशी काटकोनात आणतात, म्हणजे फुगणारे फळ वेलीवर रेटत नाही. शिवाय वेलीच्या पेरांवर माती चढवून जागोजागी मुळे धरू देतात. एका ठिकाणी खोड चिरले तरी पुढच्या भागाचे पोषण चालू राहते. फळालगतच्या पेरांची मुळे मात्र ते मोकळी करतात, कारण फळ उंच होऊ लागले की वेलीलाही वर उचलले जावे लागते. याला औषधाचा एक रुपया लागत नाही.

फळाखाली वाळू, भाताचा कोरडा पेंढा किंवा फळी असावी; पाणी धरणारा प्लास्टिकचा तुकडा नसावा. नदीपात्रातील वाळूत वाढलेला किंवा छपरावर चढविलेला भोपळा सहसा खालून कुजत नाही, याचे कारण निचरा आणि वारा यांपलीकडे काही नाही. काढणीच्या वेळी पाच ते आठ सेंटिमीटर देठ राखून फळ कापावे आणि देठाला धरून ते कधीही उचलू नये. देठ निखळलेल्या जागी साठवणुकीतील कूज सर्वांत आधी सुरू होते, आणि गाडीत फळे भरताना मजूर नेमके देठालाच धरतात.