हलालचा प्रश्न विरजणाला नव्हे, लेबलला विचारा

दुधात खास जिवाणू सोडून शरीराला हितकारक असं स्निग्धाम्ल तयार करता येतं, हे वाचल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: हे हलाल आहे का? माझ्या मते जिवाणूंवर संशय घेण्याचं कारण नाही. दही हे जिवाणूंचंच काम आणि ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दस्तरखानावर आहे. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

या आम्लाचं नाव संयुग्मित लिनोलिक आम्ल, थोडक्यात सीएलए. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते चाऱ्यातल्या लिनोलिक आम्लापासून बनवतात, म्हणून दुधात ते मुळातच असतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल पॅरिझा यांच्या गटाने १९८७मध्ये त्याचा कर्करोगरोधक गुण दाखवला, पण उंदरांवर.

लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या काही जाती हेच काम दुधात करतात. अडचण अशी की त्यांना मोकळं लिनोलिक आम्ल लागतं आणि दुधातलं बहुतेक आम्ल स्निग्धांशात बांधलेलं असतं. ते मोकळं करायला, किंवा बाहेरून घातलेलं तेल फोडायला, लायपेझ हे विकर वापरता येतं. लायपेझ बुरशीपासून मिळतं, तसंच वासराच्या किंवा डुकराच्या अवयवांपासूनही मिळतं. खरा हलाल-हरामचा प्रश्न इथे आहे. दही घट्ट करायला जिलेटिन घातलं असेल, तर तेही कशापासून बनवलं हे विचारायला हवं.

दुसरा प्रश्न फायद्याचा. ग्लासभर गायीच्या दुधात सुमारे ७ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यात सीएलए अर्धा ते एक टक्का, म्हणजे ३५ ते ७० मिलिग्रॅम. जिवाणूंनी ते दुप्पट केलं तरी दीडशेच्या आत. माणसांवरच्या अनेक प्रयोगांत मात्र रोज सुमारे ३ ग्रॅम दिलं गेलं. तरीही २०१०मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी सीएलएबाबतचे आरोग्यविषयक दावे सिद्ध झालेले नाहीत, असा निर्वाळा दिला.

संशोधन थांबवा असं माझं म्हणणं नाही. पण अशा दह्याच्या डब्यावर सीएलए किती मिलिग्रॅम आणि विकर कशाचं, या दोन ओळी छापल्याच पाहिजेत. हलाल प्रमाणपत्र देणाऱ्यांनीही शिक्का मारण्याआधी हेच तपासावं. हिरव्या चाऱ्यावर, कुरणात चरणाऱ्या जनावरांच्या दुधात सीएलए आपसूकच वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून महागड्या डब्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा दूधवाल्याकडे चाऱ्याची चौकशी करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.