उघडा पाठ आणि गुप्त किल्ली

गेल्या काही वर्षांत आमच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी औषधनिर्माणाच्या व पंचकर्माच्या चित्रफिती स्वखर्चाने तयार करून विद्यार्थ्यांस व नवोदित वैद्यांस विकण्यास आरंभ केला आहे. पाठीशी प्रकाशक नाही. कॅमेरा, खलबत्ता आणि अनुभव एवढेच भांडवल. या चित्रफितींची नक्कल होऊ नये म्हणून कोणते कुलूप लावावे, आणि ज्याची घडण कोणासही वाचता येते असे विनामूल्य मुक्तस्रोत कुलूप भरवशाचे मानावे काय, अशी पृच्छा फार्मसीचालक मित्रांकडून आम्हांस वारंवार होते.

या प्रसंगातून आम्ही स्वतः गेलो आहोत. भल्लातक शोधनावर आम्ही पाऊण तासाची चित्रफीत केली होती. इष्टिकाचूर्णात बिब्बे घासण्याचा भाग तीत जेमतेम सहा मिनिटांचा. उरलेला वेळ हातांस खोबरेल कसे लावावे, तेल अंगावर उडाल्यास काय करावे आणि कोणी या कामास हातच लावू नये, हे सांगण्यात खर्च केला होता. वर्षभरात नेमकी तीच सहा मिनिटे कापून मोबाइलवरून फिरू लागली. एके दिवशी एक गृहस्थ फोडांनी भरलेले हात घेऊन आमच्याच दवाखान्यात आले आणि ती फीत आम्हांसच दाखवू लागले. त्यातले हात आमचे होते! विक्री बुडाल्याचे दुःख त्या क्षणी आम्हांस आठवलेही नाही. भल्लातक हे औषधी नियमांच्या ई(१) अनुसूचीतील विषद्रव्य आहे. त्याच्या योगावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. चित्रफितीवर मात्र तसे लेबल टिकत नाही.

आता कुलपाविषयी. घडण उघडी असेल तर चोरास ती कळणारच, ही शंका स्वाभाविक आहे; परंतु वैद्याने तरी ती धरू नये. च्यवनप्राशाचा पाठ ग्रंथात हजारो वर्षे उघडा आहे, म्हणून काही प्रत्येकाचा अवलेह साधत नाही. ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनाविषयी हाच विचार मांडला होता : यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. याउलट डीव्हीडीचे कुलूप पाहावे. त्याची घडण कंपन्यांनी लपवून ठेवली होती आणि किल्ली अवघी ४० बिटांची होती. १९९९ साली नॉर्वेतील योन योहान्सन या किशोरवयीन मुलाने अनामिक साथीदारांसह ते उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. पुढे त्याच्यावर खटला भरला गेला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला. घडण आधीच जाणकारांसमोर असती तर ती उणीव बाजारात येण्यापूर्वीच दिसली असती, असे आमचे मत आहे.

भाड्याच्या कुलपाचा दुसरा दोष असा की किल्ली आपल्या हाती राहत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. एवढी मोठी कंपनी निदान पैसे तरी परत देऊ शकली. आमच्यासारख्या एकट्या प्रकाशकाने ग्राहकास काय सांगावे?

तथापि मुक्तस्रोत कुलपाची थोरवी गाताना एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गुप्तलेखन हे तिऱ्हाइतापासून मजकूर राखण्यासाठी असते. येथे ज्यास किल्ली द्यावयाची तो ग्राहक आणि ज्याच्यापासून राखावयाचे तो नक्कल करणारा, या दोन्ही व्यक्ती एकच असू शकतात! घडण उघडी असलेला प्लेअर जाणकार मनुष्य स्वतःच बदलून घेऊ शकतो. ब्राउझरमधील ‘क्लिअर की’ पद्धतीत तर किल्ली उघडीच त्याच्या संगणकावर पोहोचते. गूगलच्या मालकीचे ‘वाइडवाइन’ अधिक कडक आहे, ते प्लेअरची घडण झाकलेली असल्यामुळे व काही उपकरणांत आधार थेट यंत्राच्या चिपमध्ये असल्यामुळे. त्याच्या तोडीचे पूर्ण मुक्तस्रोत कुलूप मिळेल अशी आशा कोणी बाळगू नये. आणि कुलूप कोणतेही असो, पडद्यासमोर दुसरा मोबाइल धरणाऱ्यास ते अडवीत नाही.

मग आम्ही काय निवडले? ‘एफएफएमपेग’ या विनामूल्य साधनाने चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून ते १२८ बिटांच्या किल्लीने बंद करता येतात. किल्ली म्हणजे १६ बाइटची एक चिमुकली फाइल. ती आपल्या सर्व्हरवर ठेवून पैसे भरलेल्या ग्राहकासच द्यावयाची. हेच साधन किल्ली हाती असल्यास ते तुकडे पुन्हा उघडूनही देते, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या ग्राहकांत संगणकतज्ज्ञ विरळा. सहज नक्कल करून गटात टाकणारा एवढ्यानेही थांबतो. शिवाय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमान्वये हक्कभंगाच्या हेतूने असे परिणामकारक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. प्रत्येक प्रतीवर ग्राहकाचे नाव व नोंदणी क्रमांक फिका उमटविण्याची सोयही त्याच साधनात आहे. आमच्या मते कुलपापेक्षा या नावाचाच धाक अधिक.

सगळ्याच चित्रफितींना हा उपचार करू नये. लुई सी. के. या अमेरिकन विनोदकाराने २०११ च्या डिसेंबरात आपला कार्यक्रम कुलपाविना ५ डॉलरला विकला आणि बारा दिवसांत दहा लाख डॉलरांची विक्री केली. तो आधीच नामांकित होता, हे खरे; आमच्या त्रिफळा चूर्णाच्या पाठास तेवढे गिऱ्हाईक कोठून येणार! तरीही चूर्ण, क्वाथ, पथ्यापथ्य यांच्या फिती आम्ही मोकळ्याच ठेवल्या आहेत. त्या फिरल्या तर आमचे उत्पन्न थोडे कमी होईल, रुग्णाचे काही बिघडणार नाही. बंद केल्या त्या केवळ चार : भल्लातक, वत्सनाभ, कुचला आणि जयपाल.

भल्लातकाची सहा मिनिटे आम्ही नव्याने चित्रित केली. आता सूचना आधी किंवा शेवटी नाहीत. बिबा हाती असतानाच, दर अर्ध्या मिनिटास, आम्ही त्या बोलतो. ऐकणाऱ्यास थोडा कंटाळा येतो, अशी एका विद्यार्थ्याची तक्रार आहे.