ओढ थांबली, कारण उरले

सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी एका बाजूला सरकू लागते, ही तक्रार गॅरेजमध्ये रोज येते आणि तिचे उत्तरही ठरलेले असते: ‘अलाइनमेंट करून घ्या.’ बहुतेक वेळा त्यानंतर ओढ कमी होते, ग्राहक पैसे देऊन निघून जातो आणि प्रकरण मिटते. माझी शंका या मिटण्याविषयीच आहे. ओढ ज्या कारणांनी निर्माण होते त्यांतली काही निरुपद्रवी असतात, काही खर्चिक आणि काही जिवावर बेतणारी. आणि आपल्याकडची दुरुस्तीची रीत अशी आहे की लक्षण नाहीसे होते तेव्हा कारण यांपैकी कोणत्या गटातले होते हे मालकाला कळलेले नसते आणि मेकॅनिकलाही.

आधी प्रमाणाचा अंदाज घ्यावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. तिची दिशा केवळ एका अंशाने ढळली, तर ती दर सेकंदाला साधारण अर्धा मीटर बाजूला जाते. साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेत मधोमध चाललेल्या १.७ मीटर रुंद गाडीच्या दोन्ही अंगांना जेमतेम ९० सेंटिमीटर जागा उरते, म्हणजे दोन सेकंदांच्या आत तिचे चाक पट्टा ओलांडते. चालकाचा हात एरवी हे होऊ देत नाही. तो नकळत उलटा जोर लावत राहतो. ओढ हळूहळू वाढत गेली तर हाताला तिची सवय होते आणि रोज गाडी चालवणाऱ्याला दोष जाणवतच नाही. गाडी एखाद्या दिवशी दुसऱ्याच्या हाती गेली, की तो पहिल्याच किलोमीटरला विचारतो, ‘ही अशी का ओढते?’

दोष गाडीचा की रस्त्याचा, हे ठरवणे त्या मानाने सोपे आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला साधारणपणे दोन ते अडीच टक्के आडवा उतार दिलेला असतो. हजार किलोच्या गाडीवर त्यामुळे वीस-पंचवीस किलोंचा जोर कडेच्या दिशेने सतत लागू होतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडची सौम्य ओढ ही अनेकदा केवळ रस्त्याची असते. उजवीकडची ओढ मात्र, वाराही जोराचा नसेल तर, उताराला न जुमानता होत असते. ती जवळजवळ नेहमीच गाडीतला दोष दाखवते आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ती समोरच्या वाहनांच्या दिशेने असते. पण जास्त फसवी डावी ओढच, कारण ‘रस्त्यामुळे होत असेल’ म्हणून ती वर्षभर माफ केली जाते. मोकळ्या आवारात एकाच पट्ट्यावरून कमी वेगाने आधी एका आणि मग उलट दिशेने गाडी न्यावी. दोन्ही वेळा ती स्वतःच्या त्याच बाजूला ओढत असेल तर दोष गाडीत आहे; बाजू बदलली तर जमिनीत.

यापुढे अलाइनमेंटचा गैरसमज आड येतो. चाकांचे तीन कोन मोजले जातात. चाक वरून आत किंवा बाहेर किती कललेले आहे तो कॅम्बर. स्टिअरिंगचा आस पुढे-मागे किती झुकलेला आहे तो कॅस्टर. आणि वरून पाहिल्यास दोन्ही चाके एकमेकांकडे किती वळलेली आहेत तो टो. डाव्या-उजव्या चाकांत फरक पडला, तर गाडी अधिक धन कॅम्बर असलेल्या आणि कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते. पुढच्या चाकांचा टो बिघडला तर टायर कडेने झिजतात, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडे राहते, पण सततची ओढ त्याने सहसा होत नाही, कारण दोन्ही चाके चालत्या गाडीत आपसूक तो फरक वाटून घेतात. आता अडचण अशी की आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या रचनेत कारखान्यातून आल्यावर फक्त टो बदलता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर बदलण्याची सोय नसते. म्हणजे ओढीवर जो उपाय म्हणून केला जातो तो मुख्यतः अशा कोनाची दुरुस्ती असतो, ज्याचा ओढीशी फारसा संबंध नाही. स्टिअरिंग सरळ झाले की ग्राहकाला गाडीही सरळ झाल्यासारखी वाटते. कॅम्बर खरोखरच चुकलेला असेल तर खड्ड्यात आदळून स्ट्रट, नकल किंवा लोअर आर्म वाकलेला असतो, नाहीतर सबफ्रेम सरकलेली असते, आणि वाकलेले पोलाद पान्याने पूर्वीसारखे होत नाही.

तरीही ओढ थांबते, ती का? कारण अलाइनमेंट एकटे होत नाही. बॅलन्सिंग आणि टायर रोटेशन त्याच्याच जोडीने, एकाच बिलात होतात. रेडियल टायरच्या आतले पोलादी पट्टे घडवताना किंचित एका कडेला बसले, तर टायर अतिशय सूक्ष्म प्रमाणात शंकूसारखा होतो. कागदी पेला आडवा घरंगळवला की तो जसा वळत जातो तसा हा टायर एका बाजूला जोर लावतो. वरून पाहून ते ओळखता येत नाही. पुढचे दोन टायर आपापसांत बदलून पाहावेत: ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे हे सिद्ध होते. (फिरण्याची दिशा ठरवून दिलेल्या टायरच्या बाबतीत पुढचे मागे करून पाहावे.) मात्र रोटेशनमध्ये हाच टायर मागच्या चाकावर जातो, तिथे त्याचा स्टिअरिंगवर परिणाम जवळजवळ जाणवत नाही, ओढ थांबते आणि श्रेय अलाइनमेंटला मिळते. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कशाचा हे कोणत्याही शास्त्रात सांगता येत नाही, गॅरेजमध्येही नाही.

टायर जन्मतःच थोडा शंकूच्या आकाराचा असेल तर नुकसान मर्यादित आहे. पण तीच ओढ, विशेषतः ती काही दिवसांत एकाएकी सुरू झाली असेल आणि सोबत कमी वेगात स्टिअरिंग डुलत असेल तर, आतले पट्टे रबरापासून सुटू लागल्याची खूणही असू शकते. उन्हाळ्यातला तापलेला रस्ता, कमी हवा आणि दीर्घकाळचा वेग या तिन्हींनी टायरची उष्णता वाढते आणि ही सुटण्याची क्रिया वेगाने होते. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या मार्गावर या तिन्ही गोष्टी एकत्र येणे सहज शक्य आहे. असा टायर पुढून मागे नेणे म्हणजे सूचना देणाऱ्या जागेवरून तो काढून सूचना न देणाऱ्या जागी बसवणे. शिवाय मागचा टायर वेगात फुटला तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि पुढच्या टायरच्या तुलनेत सामान्य चालकाला ती सावरणे अधिक अवघड जाते.

ब्रेकची ओढ वेगळी ओळखावी लागते. ब्रेक दाबल्यावरच गाडी एका बाजूला जात असेल तर बहुधा विरुद्ध बाजूचा कॅलिपर जाम झालेला असतो, म्हणजे गाडी काम करणाऱ्या ब्रेककडे ओढते. ब्रेकवर एकीकडे आणि ॲक्सिलरेटरवर दुसरीकडे ओढत असेल तर लोअर आर्मचे बुश आधी पाहावे. सर्वांत चकवणारा प्रकार रबरी होजचा आहे. होज आतून सुजला की पायाच्या दाबाने ब्रेक ऑइल पुढे जाते, पण परत येताना अडते. ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, ते चाक तापते आणि गाडी त्याच बाजूला ओढू लागते. रात्रभरात दाब उतरतो. सकाळी गॅरेजमध्ये पोहोचते ती थंड, निर्दोष गाडी, आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे म्हणतो की काहीच नाही. ही तपासणी तासाभराच्या प्रवासानंतर, चारही चाकांजवळ हाताने (रिमला न शिवता) उष्णतेची तुलना करून व्हायला हवी.

आधुनिक रचनेमुळे हे निदान आणखी अवघड होत चालले आहे, आणि माझ्या मते धोक्याची दिशा इथे आहे. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये स्टिअरिंगचा आस जमिनीला टायरच्या मध्यरेषेच्या बाहेर टेकेल अशी मांडणी होती. दोन चाकांचे ब्रेक असमान लागले तरी चाके स्वतःच किंचित उलट वळून गाडी सरळ ठेवतात. नंतर अनेक गाड्यांनी ही मांडणी घेतली. सुरक्षेसाठी ती उत्तम आहे, मात्र तिचा दुसरा अर्थ असा की ब्रेकमधली असमानता चालकापर्यंत पूर्वीइतकी पोहोचत नाही. विजेवर चालणारे स्टिअरिंग पुढची पायरी गाठते. फोर्डने ‘पुल-ड्रिफ्ट कॉम्पेन्सेशन’ नावाची व्यवस्था आणली, जी चालक सतत एका बाजूला जोर लावतो आहे हे ओळखून तेवढा जोर मोटरकडून देते. उतार आणि वारा यांच्यासाठी ती सोय आहे. परंतु जोर रस्त्यामुळे लागतो आहे की सुटू लागलेल्या टायरमुळे, हा भेद केवळ स्टिअरिंगवरच्या जोरावरून होऊ शकत नाही. मार्गिकेत ठेवणाऱ्या प्रणाली आल्या की हाताला जाणवणाऱ्या जोरानंतरची दुसरी खूण, म्हणजे गाडीचे पट्ट्याकडे सरकणे, हीही आपोआप भरून निघते.

लक्षण असे दबत असताना सक्तीच्या तपासणीने ती जागा भरून काढायला हवी होती. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी होणाऱ्या एमओटी तपासणीत चाके रोलरवर ठेवून प्रत्येकाची ब्रेकशक्ती मोजतात. पुढच्या आसावर एका चाकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरला तर गाडी नापास होते. भारतात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्या काळात पीयूसीखेरीज कोणतीही तांत्रिक तपासणी सक्तीची नाही. पीयूसी धूर मोजते. त्यामुळे १५ वर्षांपर्यंत चाके, ब्रेक आणि टायर यांच्याविषयीचा एकमेव तक्रारदार चालकाचा हातच असतो.

म्हणून व्यवहारात आग्रह धरायचा तो एका कागदाचा. अलाइनमेंटचे यंत्र आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे छापू शकते. ग्राहकाने ते दोन्ही मागून घ्यावेत आणि त्या दिवशी टायर जागेवरून हलवू देऊ नयेत. आधीच्या रकान्यात डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये सुमारे अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर टो कितीही अचूक बसवला तरी प्रश्न शिल्लक आहे, आणि मग गाडी उचलून खालून काय वाकले आहे ते पाहावे लागते. फरक नसेल तर पुढचे टायर आपापसांत बदलून पाहण्याची पाळी येते, आणि दोष त्यातच निघाला तर त्या टायरला खूण करून तो गाडीतून काढावा. स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.