परग्रहवासी शोधायचे, पण पैसे कोण देणार?

"एलियन शोधायला पैसा कशाला? आधी जालन्याला पाणी द्या!" मेसमध्ये हा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने टँकरमागे रांगा लावल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार ना? मग आधी हिशोब करू या.

नासाने ऑक्टोबर 1992 मध्ये परग्रहावरचे रेडिओ संकेत शोधण्याचा प्रोजेक्ट सुरू केला. खर्च वर्षाला साधारण 1 कोटी 20 लाख डॉलर, म्हणजे एका अमेरिकन माणसामागे पाच सेंटसुद्धा नाहीत! तरी तिथल्या संसदेत खिल्ली उडाली आणि 1993 मध्ये फंडिंग बंद. त्या पाच सेंटांनी कुणाची गरिबी हटली असेल, असं मला तरी वाटत नाही.

तेव्हापासून हा शोध मुख्यतः देणगीवर चालतो. कॅलिफोर्नियातल्या ॲलन अ‍ॅरेच्या 42 अँटेना एप्रिल 2011 मध्ये पैशाअभावी बंद पडल्या. सामान्य लोकांनी दोन लाख डॉलरहून जास्त जमवले, तेव्हा डिसेंबरात काम परत सुरू झालं. 2015 मध्ये युरी मिल्नर या उद्योगपतीने दहा वर्षांसाठी 10 कोटी डॉलर जाहीर केले. छान! पण शोध कदाचित शंभर वर्षांचा आणि दाता दहा वर्षांचा, हे गणित जमत नाही.

मग मार्ग काय? तो आपल्याच महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. प्रा. गोविंद स्वरूप यांनी डिशला भरीव पत्रा न लावता स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणली. रेडिओ लहरींची लांबी मोठी, जाळीची भोकं लहान, म्हणून लहर परत फिरते. वारा मात्र आरपार जातो! त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी.

माझं म्हणणं एवढंच: नवी महागडी दुर्बीण नको. पल्सार किंवा आकाशगंगेसाठी जो डेटा येतो, त्याचीच एक कॉपी संकेत शोधणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवायची. अमेरिकेत बर्कलेच्या लोकांनी असं वर्षानुवर्षं केलं आहे. खर्च कॉम्प्युटरचा आणि पोरांच्या डोक्याचा. तेवढी रक्कम सरकारने दरवर्षी, न चुकता द्यावी.

पाणी हवंच. पण पाण्याचं आणि आकाशाचं भांडण लावून दोन्हीकडे हात आखडता घेणारे, त्यांना आपण प्रश्न विचारायला नको का?