राउटरचा पहारा आणि घरातल्या माणसाची संमती

मागच्या महिन्यात आमच्या घरी नवे वायफाय बसले. बसवायला आलेला मुलगा कामाला चोख होता. त्याने भिंतीवर पांढरा डबा टांगला, वायर जोडली, आमच्याच मोबाईलवर एक ॲप उतरवून घेतले आणि भराभर बोटे चालवू लागला. मध्येच इंग्रजी मजकुराचे एक लांबलचक पान आले. आम्ही म्हणालो, "दादा, जरा थांबा, हे काय आहे?" तो म्हणाला, "काही नाही काका, सिक्युरिटीचं आहे. चालू केलं की व्हायरस येत नाही. सगळेच चालू करतात." आणि आमच्या वतीने त्यानेच 'मान्य आहे' हे बटण दाबून टाकले. आमच्या घरात पाच माणसे आहेत. त्या पाचांपैकी एकानेही ते पान वाचले नव्हते.

रात्री आम्ही ते पान पुन्हा उघडून शेवटपर्यंत वाचले. तेव्हा लक्षात आले की आपण केवळ व्हायरसला मज्जाव केलेला नाही, घरातल्या प्रत्येकाचा इंटरनेटवरचा वावर एका तिसऱ्याच कंपनीला तपासायला दिला आहे.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. आज बाजारातल्या अनेक राउटरमध्ये अशी सुरक्षा आतच बसवलेली असते आणि ती बहुधा राउटर बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची नसते. एसुसच्या 'एआयप्रोटेक्शन'मागे ट्रेंड मायक्रो ही कंपनी आहे. नेटगिअरच्या 'आर्मर'मागे बिटडिफेंडर आहे. टीपी-लिंकने आधी 'होमकेअर'साठी ट्रेंड मायक्रोला घेतले, नंतर 'होमशील्ड'साठी अविराला. डब्यावर नाव एकाचे आणि आत पहारा दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे.

हा पहारा चालतो कसा, ते आधी समजून घेतले पाहिजे. आपण मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडू लागलो की राउटर त्याचा पत्ता पाहतो. तो पत्ता धोकादायक आहे की नाही, हे ठरवायला लागणारी यादी फार मोठी असते आणि रोज बदलते. ती सगळी त्या छोट्या डब्यात मावत नाही. म्हणून अनेक वेळा तो पत्ता कंपनीच्या सर्व्हरला विचारला जातो. आजकाल बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कुलूपबंद असतो हे खरे. पण बंद पाकिटावरही पत्ता बाहेरच लिहिलेला असतो. राउटरला पाकिटातले पत्र दिसत नसले तरी बहुतेक वेळा पत्ता दिसतो.

"नुसता पत्ता कळला तर काय बिघडले?" असे कोणी म्हणेल. आम्ही विचारतो, पत्त्यावरून काय कळत नाही? जात पडताळणीचे संकेतस्थळ, मागासवर्गीय शिष्यवृत्तीचे पोर्टल, आपल्या समाजाचे वधू-वर सूचक मंडळ. या तीन पत्त्यांवरून जात न विचारता जात कळते. एखाद्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून आजार कळतो, कामगार संघटनेच्या संकेतस्थळावरून विचार कळतो, कर्जाच्या संकेतस्थळावरून अडचण कळते. ज्या समाजात आडनावावरून घर भाड्याने द्यायचे की नाही ते ठरते, त्या समाजात ही यादी निरुपद्रवी आहे असे मानणे हा भाबडेपणा आहे.

दुसरा आक्षेप असा येतो की, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला हे सगळे आधीच दिसते, मग राउटरचेच एवढे काय? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. बाहेरच्या कंपनीला सहसा सगळे घर मिळून एकच जोडणी दिसते. राउटर मात्र घराच्या आत बसलेला असतो. त्याला आईचा मोबाईल वेगळा दिसतो, मुलीचा लॅपटॉप वेगळा दिसतो, आजोबांचा टीव्ही वेगळा दिसतो. कोण किती वाजता जागे होते तेही त्याला कळते. म्हणजे घराबाहेरून जे मोघम दिसते, ते राउटर माणसागणिक वेगळे करून दाखवू शकतो.

आमच्या मते या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, या मसुद्याने खेडे नाकारून व्यक्ती हे एकक मानले, याचा त्यांना आनंद आहे. हक्क गावाला नाही, जातीला नाही, घराण्याला नाही, तर माणसाला आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तोही व्यक्तीचाच हक्क आहे. आणि राउटरचा करार कोणाला एकक मानतो? घराला. ज्याच्या हातात ॲप, त्याची संमती म्हणजे सगळ्या घराची संमती. पाच माणसांचा हक्क एका अंगठ्याखाली जातो आणि तो अंगठाही कधी कधी वायर जोडायला आलेल्या मुलाचा असतो.

याची दुसरी बाजू तर घरातच आहे. अशा अनेक ॲपमध्ये 'पालक नियंत्रण' असते. लहान मुलांना घाणेरड्या संकेतस्थळांपासून वाचवायला ते उपयोगी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच सोयीतून काही राउटरवर कोणत्या मोबाईलने कोणते संकेतस्थळ उघडले, हे घरातल्या कर्त्या पुरुषाला पाहता येते. एकवीस वर्षांची मुलगी रात्री महिला हेल्पलाइनचे संकेतस्थळ पाहते, किंवा आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधते. ती नोंद बापाच्या किंवा भावाच्या हाती पडली तर पुढे काय होऊ शकते, हे महाराष्ट्राला सांगायची गरज आहे का? आपल्याकडे जातीसाठी घरच्यांनीच मुलींचे जीव घेतले आहेत. त्या घरात 'सुरक्षा' हा शब्द कोणाच्या सुरक्षेसाठी वापरला जातो, हे विचारलेच पाहिजे.

मग राउटरला सुरक्षा नकोच का? तसे आम्ही अजिबात म्हणत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये जगातली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्याच वर्षी राउटरमधल्या गंभीर त्रुटींबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एसुसवर कारवाई केली आणि पुढची वीस वर्षे स्वतंत्र तपासणी करून घेण्याचे बंधन घातले. धोका खरा आहे. पण या दोन्ही उदाहरणांत दोष कशाचा होता? कच्च्या पासवर्डचा आणि कच्च्या सॉफ्टवेअरचा. तो दूर करायला ग्राहकाच्या वावराची यादी कोणाला पाठवावी लागत नाही. मजबूत पासवर्ड, वेळेवर अपडेट, डब्याच्या आतच चालणारी फायरवॉल, ही सुरक्षा ग्राहकाचा हक्क आहे. ती देण्याच्या मोबदल्यात माहिती मागणे हा सौदा आहे, आणि सौद्याला सौदाच म्हटले पाहिजे.

"कंपन्या नावाजलेल्या आहेत, त्या गैरवापर करणार नाहीत," हाही युक्तिवाद आम्ही ऐकला. अव्हास्टही नावाजलेली कंपनी होती. लोकांनी ती व्हायरसपासून बचावासाठी घेतली आणि तिने त्याच लोकांची ब्राउझिंगची माहिती 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये हे उघडकीस आल्यावर जम्पशॉट बंद करावी लागली. २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अविराने असे काही केले, असे आमचे म्हणणे नाही. पण २०२१ मध्ये अविरा नॉर्टनच्या मालक कंपनीने विकत घेतली आणि २०२२ मध्ये ती कंपनी अव्हास्टशी एकत्र झाली. ग्राहकाने 'मान्य आहे' एका कंपनीला म्हटले होते. मालक बदलला, तेव्हा त्याला कोणी पुन्हा विचारले?

आणि बंद ठेवलेली सेवा खरोखर बंद असते का? २०२२ मध्ये एका वापरकर्त्याला टीपी-लिंकच्या राउटरने २४ तासांत ८०,००० हून अधिक विनंत्या अविराच्या सर्व्हरकडे पाठवल्याचे आढळले, आणि तेही सुरक्षा सेवा घेतलेली नसताना. अशा वेळी ग्राहकाने कशावर विश्वास ठेवायचा?

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी, असे हा कायदा म्हणतो. माहितीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असेही म्हणतो. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे ते इंग्रजी पान मराठीत मागणे ही कोणाची मेहेरबानी ठरणार नाही. पण याच कायद्यातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. मुलीवर नजर ठेवणाऱ्या बापापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. तिथे आपल्यालाच घरात बोलावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सुरक्षेचा हा भाग सुरुवातीला बंदच असावा. तो चालू करताना कोणती माहिती कोणाकडे जाते, हे मराठीत एका पानात सांगावे. सेवा बंद केली की माहिती जाणेही बंद व्हावे. आणि मूळ सुरक्षा या अटीला बांधलेली नसावी.

तोवर आपण काय करू शकतो? राउटरच्या सेटिंगमध्ये स्वतः जा. कारखान्याचा पासवर्ड बदला, अपडेट घ्या, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद करा. सुरक्षा सेवेच्या अटी वाचा. एसुससारख्या काही राउटरमध्ये दिलेली संमती मागे घेण्याची सोयही आहे, ती शोधा. आणि सेवा चालू ठेवायचीच असेल तर घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा.

आम्ही तसे विचारले. धाकटी म्हणाली, "आधी विचारायला हवं होतं." तिचे बरोबर होते. आम्ही सेवा बंद केली, पासवर्ड बदलला, आणि नवा पासवर्ड पाचही जणांना सांगितला.